एक पात्र, एक डबा

परवा पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला. तिचा मुलगा दहा दिवसांसाठी तोक्योला येतोय. "त्याला म्हणे अ‍ॅनिमेच्या बारीकसारीक वस्तू घ्यायच्यात. बरोबर किती पैसे देऊ गं?"

मी म्हटलं, "पैशांचं नंतर बघू. आधी त्याला विचार, कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे?"

"कुठल्या पात्राच्या. नुसतं 'अ‍ॅनिमेच्या' म्हणत दुकानात शिरला, तर तू देशील तेवढे पैसे संपतील आणि परत जाताना बॅगेत काय भरलंय ते त्यालाच सांगता येणार नाही."

हा छंद वस्तूंच्या किमतीमुळे महाग होत नाही. तीनशे येन, चारशे येन, म्हणजे येनला साठ पैशांच्या आसपास धरले तर दोनअडीचशे रुपये. तो महाग होतो तो 'असू दे, हेही घेऊ' या चार शब्दांमुळे. लेकीच्या नादाने मी यात पडले त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी दिसेल ते घेतलं. त्यातलं आज एकही माझ्याकडे नाही.

जपानीत आपल्या लाडक्या पात्राला 'ओशी' म्हणतात. ज्याची शिफारस करावी, ज्याला पुढे करावं, तो ओशी. त्याच्यासाठी जे जे करायचं, म्हणजे सिनेमे बघणं, वस्तू घेणं, त्याच्या वाढदिवसाला केक आणणं, त्या सगळ्याला 'ओशिकात्सु' असं नाव आहे. आमच्या घरी 'हाइक्यू' चालतं. फुरुदाते हारुइची यांचं व्हॉलीबॉलवरचं हे मांगा २०१२ ते २०२० 'शोनेन जंप' या साप्ताहिकात आलं, त्याचे ४५ खंड झाले, आणि त्यावरच्या अ‍ॅनिमेची पात्रं अजून दुकानांतून हललेली नाहीत. लेकीचा ओशी केन्मा. माझा दाइची, करासुनो शाळेच्या संघाचा कप्तान. घरातला थोरला मुलगा असतो तसा. सगळ्यांचं बघतो आणि पोस्टरवर मात्र मागे उभा असतो.

आता गंमत बघा. केन्माचा बिल्ला आणि दाइचीचा बिल्ला एकाच खोक्यातून निघतात. आकार तोच, पत्रा तोच, मूळ किंमत तीच. पण जुन्या वस्तूंच्या दुकानात केन्मा काचेच्या कपाटात असतो आणि दाइची गल्ल्याशेजारच्या टोपलीत, शंभर-दीडशे येनला. माझा वर्षाचा खर्च लेकीच्या एका महिन्याएवढा नसतो. ओशी काही किंमत बघून निवडता येत नाही हे मला कळतं. पण दोघांवर सारखाच जीव असेल, तर मागच्या रांगेतला धरा.

पात्र ठरलं की डबा ठरवा. माझा डबा सेन्बेईचा आहे. सेन्बेई म्हणजे तांदळाची खारी बिस्किटं. ती पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात मिळतात. डबा भरला की नवीन वस्तू आत जाण्याआधी एक जुनी बाहेर निघते. आपण लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीची चित्रं घ्यायचो, दरवर्षी दोनचारच, कारण किल्ल्यावर जागा तेवढीच असायची. एखादा मावळा, एखादी गवळण, गेल्या वर्षीच्या फुटलेल्या तोफेच्या जागी नवी तोफ. हातगाडीवरची सगळी चित्रं हवीत असं कुणाला वाटलं नाही. तोच हिशोब इथे लावायचा.

स्वस्तातल्या वस्तू तशा सहासातच प्रकारच्या. पत्र्याचा बिल्ला सगळ्यात सोपा. व्यास बहुधा ५७ मिलिमीटर, मोठा असेल तर ७५ च्या आसपास, नवा चारशे ते सहाशे येन. अ‍ॅक्रिलिकचं कीचेन सातशे ते नऊशे. अ‍ॅक्रिलिकचा स्टँड, म्हणजे पारदर्शक पट्टीवर छापलेलं पात्र खाचेत उभं करायचं, तो तेराशेच्या पुढे. जपानी लोक त्याला लाडाने 'आकुस्ता' म्हणतात आणि जेवणाच्या ताटाशेजारी उभा करून फोटो काढतात. रबराचे पट्टे, ए-फोर आकाराचे प्लास्टिकचे फोल्डर, पोस्टकार्डं, स्टिकर. यातलं मला विचाराल तर फोल्डर आणि पोस्टकार्ड ही उपेक्षित रत्नं. चित्र सगळ्यात मोठं, वजन जवळजवळ नाही, बॅगेत पाठीमागे सरकवलं की झालं.

आणि मग कॅप्सूलची मशिन. नाणं टाकायचं, खटका फिरवायचा तेव्हा 'गाचा', कॅप्सूल खाली पडतं तेव्हा 'पोन', म्हणून गाचापोन. हे यंत्र मूळचं अमेरिकेतलं. जपानात ते १९६५ साली आलं, आणि तोक्योच्या कुरामाए भागात १७ फेब्रुवारीला पहिलं मशिन लागलं म्हणून तो दिवस आता गाचाचा दिवस मानतात. १९७७ मध्ये बंदाई कंपनी शंभर येनची मशिन घेऊन उतरली, आणि १९८३ च्या सुमारास 'किन्निकुमान' या कुस्तीगिरांच्या मांगातल्या पात्रांच्या रबरी बाहुल्यांनी पोरांना वेड लावलं. आज शंभर येनचं मशिन शोधावं लागतं. तीनशे ते पाचशे हा चालू भाव आहे. इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीत २०२१ मध्ये बंदाईचं जे गाचाचं दुकान उघडलं, त्यात ३,०१० मशिन होती. एका जागी सर्वाधिक मशिन म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. तिथे शिरल्यावर माणूस काय शोधायला आला होता हे विसरतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने आकिहाबाराच्या गाचापोन काइकानमध्ये जावं. पाचेकशे मशिन आहेत, तेवढी पुरेत.

मशिनच्या दर्शनी कागदावर आत किती प्रकार आहेत ते छापलेलं असतं. पाच, सहा, कधी आठ. हा आकडा वाचल्याशिवाय नाणं टाकू नका. समजा पाच प्रकार आहेत आणि तुम्हाला त्यातला एकच हवा आहे. पाचदा फिरवलं की तो मिळेलच असं मनात येतं. पण प्रत्येक फिरवणं स्वतंत्र धरलं, तर पाच वेळा फिरवूनही तो न मिळण्याची शक्यता जवळजवळ तेहतीस टक्के असते. तीन माणसांतला एक रिकाम्या हाताने परत. पाचही प्रकार गोळा करायचे म्हटले तर सरासरी जवळजवळ साडेअकरा वेळा फिरवावं लागतं, म्हणजे तीनशेच्या मशिनला ३,४०० येन. आठ प्रकार असतील तर जवळजवळ बावीस वेळा. प्रत्यक्षात मशिन भरताना प्रकार मोजून मिसळलेले असतात, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण खिशाला लागणारी कळ तीच.

म्हणून माझा नियम असा. ज्या मशिनमधलं काहीही आलं तरी मला आनंदच होईल, तेच फिरवायचं. 'हे चालेल, हे चालेल, हे मात्र नको' असं वाटलं की पुढे चालू पडायचं. हजार येनची नोट मोडून दहा नाणी वेगळ्या बटव्यात ठेवायची. बटवा रिकामा झाला की गाचा संपलं. नाणी मोडायची यंत्रं दुकानातच असतात, आणि दुसरी नोट मोडायचा मोह तिथेच होतो. बटव्याची युक्ती लेकीला शिकवली. तिने दुसरा बटवा घेतला. त्यावर केन्माचं चित्र आहे.

बंद पाकिटांचंही असंच. बिल्ले आणि कीचेनं बऱ्याचदा आत कोण आहे ते न कळणाऱ्या पाकिटात विकतात. ही पद्धत मला मनापासून आवडत नाही, पण जपानी पोरांना ती नवी नाही. १९७१ मध्ये कॅल्बीने 'कामेन रायडर'ची कार्डं खाऊच्या पुड्यांसोबत दिली, तेव्हा पोरं कार्ड काढून घेत आणि खाऊ तसाच टाकून देत. त्यावरून मोठा गहजब झाला होता. आपल्याकडे चिप्सच्या पुडीतल्या चकत्यांनी जे केलं, तेच. बंद पाकिटंच घ्यायची असतील तर अख्खं खोकं घेण्याचा पर्याय आधी तपासा. आठ प्रकार आणि खोक्यात आठ पाकिटं असतील, तर बऱ्याच खोक्यांत प्रत्येकी एक निघतो. दोघातिघांनी मिळून खोकं घ्यायचं आणि आपापली पात्रं वाटून घ्यायची. आधी ठरवा, मग फोडा. फोडल्यावर ठरवायला बसलात तर मैत्री जाईल.

पण खरं सांगू का, एकच पात्र धरलेल्या माणसासाठी सगळ्यात शहाणा रस्ता जुन्या वस्तूंचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे शनिवार इथेच जातात.

आमचं निशीकासाई तोझाई लाइनवर. त्याच लाइनचं एक टोक नाकानो. गाडी न बदलता पाऊण तासाच्या आत पोचतो. स्टेशनसमोरची छपराची बाजारगल्ली संपली की नाकानो ब्रॉडवे. ही इमारत १९६६ ची. वरच्या मजल्यांवर मांदाराके या दुकानाच्या कितीतरी खोल्या आहेत, प्रत्येकीत वेगळा माल. पण मला आवडतात ती भाड्याची काचकपाटं. कुणीतरी एक खण भाड्याने घेतो, आपल्याकडच्या वस्तू मांडतो, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवतो. खण बघून मालकाचा स्वभाव कळतो. एकाच्या खणात सगळं रंगवार लावलेलं, दुसऱ्याचा खण म्हणजे माळ्यावरची अडगळ. वस्तू स्वस्तात मिळते ती अडगळीत. आकिहाबाराच्या रेडिओ काइकानमध्येही अशी कपाटं आहेत, पण तिथे परदेशी पाहुण्यांची गर्दी आणि भाव त्याप्रमाणे. इकेबुकुरोत अ‍ॅनिमेटच्या मोठ्या दुकानाभोवती जुन्या वस्तूंची दुकानं दाट आहेत. मुलींना आवडणाऱ्या मालिकांसाठी तिकडे जा. आणि गावोगावी असलेलं बुकऑफ विसरू नका. शहराच्या मध्यावरच्या शाखेपेक्षा उपनगरातली बरी. तिथे बिल्ला म्हणजे बिल्ला, पात्र कोण हे किंमत लावणाऱ्याला फारसं ठाऊक नसतं.

हातात घेतल्यावर काय बघायचं? बिल्ला उलटा करा. गंज नेहमी पिनेच्या मुळाशी आणि मागच्या कडेला सुरू होतो, पुढून दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक उजेडासमोर तिरकं धरा, ओरखडे लगेच दिसतात. पण ओरखडे आहेत म्हणून लगेच ठेवून देऊ नका. नव्या अ‍ॅक्रिलिकवर दोन्ही बाजूंनी पातळ संरक्षक कागद असतो आणि कितीतरी लोक तो काढतच नाहीत. ओरखडे त्या कागदावरचे असतील तर आतला तुकडा कोरा करकरीत निघतो. असा एक दाइची मला ऐंशी येनला मिळाला. स्टँड असेल तर खालची पट्टी पाकिटात आहे ना, ते मोजा. कॅप्सूलमधल्या वस्तूबरोबर एक घडीचा कागद येतो, सगळे प्रकार छापलेला. तो सोबत असलेली वस्तू घ्या आणि आपलाही टाकू नका. पुढे विकायची झाली तर त्या कागदामुळे किंमत टिकते.

जास्तीचे झालेले तुकडे विकण्यापेक्षा बदला. एकच पात्र दुसऱ्यांदा आलं की जपानी पोरं 'दाबुरी' म्हणतात, आपली पोरं 'डबल' म्हणतात. मूळ शब्द एकच आहे. इकेबुकुरोत अ‍ॅनिमेटच्या समोर नाका-इकेबुकुरो नावाची छोटी बाग आहे. नव्या वस्तू आल्या की तिथे मुली दोन ओळींच्या चिठ्ठ्या घेऊन उभ्या असतात: वर 'द्यायचे', खाली 'हवे'. भाषा येत नसली तरी चित्रावर बोट ठेवून काम होतं. एवढं लक्षात ठेवा की अदलाबदल एकास एक होईलच असं नाही. लोकप्रिय पात्राला दोन किंवा तीन मोजावी लागतात, आणि त्यात कुणी कुणाला फसवत नसतं. दोघींनी वस्तू नीट बघायच्या, नमस्कार करायचा, निघायचं. मला भाजी मंडईतल्या घासाघिशीची सवय. इथे ती चालत नाही.

फुकटात मिळणाऱ्याही वस्तू असतात आणि त्या गोळा करण्यात वेगळी मजा आहे. नव्या अ‍ॅनिमे सिनेमाला पहिल्या आठवड्यांत प्रेक्षकांना कार्ड किंवा छोटी पुस्तिका वाटतात. लॉसन, फॅमिलीमार्ट, सेव्हन-इलेव्हनमध्ये ठरावीक दोनतीन खाऊ घेतले की फोल्डर मिळतो, आणि तिथे फोल्डर निवडता येतो. खास पात्रांच्या कॅफेत प्रत्येक पेयाबरोबर एक कोस्टर, तो मात्र नशिबाने. हवा तो येईपर्यंत निळं सरबत ढोसणाऱ्या पोरी मी बघितल्यात. पंजा फिरवून बाहुली उचलायच्या यंत्रांबद्दल फार लिहीत नाही. ती बक्षिसं मुळात हजार येनच्या आतबाहेरची असतात आणि चार दिवसांत जुन्या बाजारात येतात. खेळायचंच असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला हाक मारा; अडकलेली वस्तू तो सरळ करून देतो. विचारायला लाजू नका.

एका टोकाबद्दल सांगायला हवं. पारदर्शक खिडकीच्या बॅगेवर एकाच पात्राचे, पुष्कळदा एकाच चित्राचे, चाळीस-पन्नास बिल्ले लावलेले तुम्हाला स्टेशनवर दिसतील. तिला 'इताबाग' म्हणतात. 'इताइ' म्हणजे दुखरं. बघणाऱ्याच्या डोळ्यांना दुखावं इतकं. ओळीत लावलेले बिल्ले दिसतात झकास, आपल्याकडे मांडवातल्या कार्यकर्त्याच्या छातीवर एक असतो तसे पन्नास. पण तोच बिल्ला पन्नासदा घेणं हा स्वस्तातला छंद नाही. लेकीने विषय काढला होता. मी गणित मांडून दाखवलं. तिने दहावर तडजोड केली.

भारतात बसून हे करणाऱ्यांसाठी थोडं. जपानी संकेतस्थळांवरून तुमच्या वतीने खरेदी करून पाठवणाऱ्या मध्यस्थ सेवा आहेत, पण त्यांचं शुल्क, जपानातला टपालखर्च आणि मग भारतापर्यंतचा खर्च मिळून दीडशे येनचा बिल्ला हजाराच्या वर जातो. दहाबारा वस्तू साठू द्या, मग एकदाच मागवा. कस्टम्सही लक्षात घ्या. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं आहे. बाहुल्या त्यात अडकू शकतात. पहिल्यांदा मागवताना कागद, फोल्डर, बिल्ले एवढ्यावरच राहा. त्याहून बरं म्हणजे कुणी येणारं-जाणारं गाठा. आमच्या सोसायटीतून दिवाळीला घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कुणाचा ना कुणाचा भाचा बसलेला असतो.

आपल्या रस्त्यांवर पन्नास रुपयांना मिळणारी कीचेनं बहुतेक बनावट असतात. अस्सल वस्तूवर, कितीही लहान असली तरी, हक्काची बारीक ओळ छापलेली असते: वर्तुळातला सी, पुढे लेखक किंवा प्रकाशक किंवा निर्मात्यांचं नाव. 'वन पीस' आणि 'ड्रॅगन बॉल'च्या कितीतरी वस्तूंच्या वेष्टनावर तोएई अ‍ॅनिमेशनचं चकचकीत लेबल असतं. बनावट घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण अस्सलची किंमत देऊन ती घेऊ नका. मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्ये स्वतः काढलेली चित्रं छापून विकणारे तरुण चित्रकार बसतात. मी त्यांना बनावटीच्या रांगेत बसवत नाही. त्यांच्याकडून बिनधास्त स्टिकर घ्या.

सांभाळायचं म्हणाल तर मी ठेच खाऊन शिकले. तीन वर्षांपूर्वी काही बिल्ले चिपळूणला आईकडे भिंतीवरच्या कापडाला लावून आले. हौस. पावसाळा संपल्यावर गेले तर प्रत्येक बिल्ल्यामागे तांबूस कडं, आणि कापडावरही. कोकण, मुंबई, गोव्यात बिल्ले उघड्यावर नकोत. प्रत्येकाला प्लास्टिकची वेगळी पिशवी, घट्ट डबा, आत बुटांच्या खोक्यातल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. दर पावसाळ्याआधी पुड्या बदलायच्या. रबरी पट्टे अ‍ॅक्रिलिकला टेकून ठेवू नका. रबर मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य पाझरतं, अ‍ॅक्रिलिकचा चकाकता पृष्ठभाग खातं आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. अ‍ॅक्रिलिक सॅनिटायझरने तर मुळीच पुसू नका, बारीक तडे जातात. चष्म्याचं कोरडं फडकं पुरतं. खिडकीसमोर काहीही मांडू नका. लाल रंग आधी उडतो.

परतीच्या दिवशी उरलेल्या नाण्यांचं काय, असं मैत्रिणीने विचारलं. जपानी नाणी आपल्याकडे कुणी बदलून देत नाही. नारिता विमानतळावर त्यासाठीच गाचाची मशिन ओळीने उभी आहेत. शंभरची नाणी तेवढी बाजूला ठेवा. तिथे मात्र माझा नियम बाजूला ठेवून काय येईल ते घ्या. आणि रिकामं कॅप्सूल शेजारच्या टोपलीत टाका.

जाता जाता: माझ्याकडे दाइचीचे तीन बिल्ले जास्तीचे आहेत, ५७ मिलिमीटर, गंज नाही, कागदासकट. लेकीला केन्मा हवाय. एका केन्माला तीनही दाइची द्यायची माझी तयारी आहे. कुणाकडे असेल तर कळवा.